प्लग बसला म्हणजे वायरिंग जुळलं असं नसतं : सनरूफच्या स्विचबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (ठाणे) : काका, माझी 2004 ची सेदान आहे. कुर्ल्याला सीएसटी रोडवरून त्याच कंपनीच्या नव्या मॉडेलचा छताचा कन्सोल आणला, सनरूफचा स्विच आणि दोन रीडिंग लाइट असलेला. प्लग खटकन बसला, पण सनरूफ हलत नाही आणि दारं बंद केली तरी लाइट चालूच. कन्सोल खराब निघाला का?

कन्सोल बहुतेक चांगला असेल, तुम्ही आधी तो प्लग काढा आणि सगळं समजेपर्यंत परत लावू नका. कंपन्या कनेक्टरचं तेच प्लास्टिक वर्षानुवर्षं वापरतात पण आत कुठली पिन काय काम करते ते बदलत जातं, म्हणजे तुमच्या गाडीत जी पिन मोटरला जाते तीच नव्या कन्सोलमध्ये स्विचच्या बारीक दिव्याची असू शकते.

मुळात सनरूफचे स्विच दोन जातीचे. जुना स्विच मोटरचा सगळा करंट स्वतःमधून नेतो, म्हणून त्याच्या वायरी जाड असतात. नवा स्विच नुसता निरोप देतो, "उघड" किंवा "बंद कर", आणि खरं काम मोटरजवळचं मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबी, करतं, तिथल्या वायरी शिवणाच्या दोऱ्यासारख्या बारीक. मल्टिमीटर घ्या, बीपच्या खुणेवर ठेवा, स्विच हातात धरून दाबा आणि दोन-दोन पिना तपासा. सरळ बीप आला तर साधा संपर्क आहे, काम सोपं. प्रत्येक दाबाला वेगळे ओहम दाखवले तर आत रेझिस्टर आहेत. आणि तीनच वायरी असून मीटरला काहीच धड कळत नसेल तर बहुधा तो डेटा लाइनवर बोलणारा स्विच आहे, तुमच्या गाडीला त्याची भाषाच येत नाही. शेवटच्या दोन्ही प्रकारांत माझा सल्ला एकच, नव्या कन्सोलच्या मागे तुमचा जुनाच स्विच बसवा, थोडं कानस काम लागेल पण वीस वर्षं चाललेली गोष्ट पुढेही चालेल.

आता गाडीकडच्या वायरी. एक कागद घ्या, कनेक्टरचं चित्र काढा आणि प्रत्येक पिनेपुढे लिहा : चावी बंद असताना प्लस येतो का, फक्त इग्निशनला येतो का, पार्किंग लाइट लावल्यावर येतो का, आणि अर्थिंग कुठलं. जर्मन गाड्यांत अर्थिंग तपकिरी, जपानी गाड्यांत बहुतेक काळं, पण इतक्या जुन्या गाडीला किती जणांचे हात लागलेत कुणास ठाऊक, रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा.

लाइटचं कारण बहुधा असं की जुन्या गाडीत रूम लाइटला प्लस कायमचा असतो आणि दाराचा स्विच अर्थिंग देतो. नव्या कन्सोलमध्ये दिव्याचं अर्थिंग आतल्या पत्र्याच्या पट्टीलाच कायमचं जोडलेलं असतं, त्यामुळे प्लस मिळाला की तो पेटणारच. ती पट्टी दिव्यापासून तोडून तिथे दाराकडून येणारी वायर जोडा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. छताच्या कापडामागे कडेने पिवळे कनेक्टर किंवा पिवळं आवरण दिसलं तर ते एअरबॅगचं, त्याला हात नाही, मीटरही नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबूनच कन्सोल उतरवा.

प्रश्न (गिरगाव) : सर, मी इंजिनिअरिंगला आहे. माझा नवा स्विच बीप देतो पण नाजूक वाटतो, रिले लावू का?

लावच. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. लॅमिंग्टन रोडवर पाच पिनांचे दोन 12 व्होल्टचे रिले घे, बेससकट. दोन्हींची 30 नंबरची पिन मोटरच्या एकेका वायरीला, दोन्हींच्या 87 ला फ्यूजमधून आलेला प्लस, दोन्हींच्या 87ए ला अर्थिंग. स्विच मोकळा असताना मोटरची दोन्ही टोकं अर्थिंगला असतात त्यामुळे मोटर जागच्या जागी थांबते, एक रिले ओढला, म्हणजे चालू झाला, की एका दिशेला फिरते, दुसरा ओढला की उलट, आणि चुकून दोन्ही ओढले तरी दोन्हीकडे प्लस जातो म्हणून काही होत नाही. स्विच अर्थिंग देणारा असेल तर 86 ला प्लस आणि 85 स्विचकडे. प्रत्येक रिलेच्या कॉइलवर, म्हणजे 85 आणि 86 च्या मध्ये, 1एन4007 डायोड टाक, पट्टीची बाजू प्लसला, नाहीतर कॉइल सुटताना उसळणारा उलटा व्होल्टेज त्या नाजूक संपर्काला हळूहळू खातो. मोटरच्या वायरी 2.5 स्क्वेअर मिमीच्या, स्विचच्या 0.5 चालतील, आणि मूळ फ्यूज 20 ॲम्पियरचा असेल तर 20 चाच.

पण तुझ्या मोटरला बोट अडकलं की मागे फिरणारं मॉड्यूल असेल तर हे रिले अजिबात लावू नकोस. ती सुरक्षा मॉड्यूलमध्येच असते आणि रिलेने तू तिला बाजूला सारतोस. घरात लहान मूल असेल तर काच बोटावर थांबणार नाही.

प्रश्न (डोंबिवली) : कन्सोल बसवल्यापासून चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी झोपते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती आणि बॅटरी यांच्या मधोमध मीटर लावा, ॲम्पियरवर, गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा. 50 मिलिॲम्पियरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर कन्सोलचा फ्यूज काढून बघा, आकडा पडला की चोर सापडला. बहुतेक वेळा कायमच्या प्लसला जोडलेला स्विचचा दिवा किंवा माइकचा सर्किट निघतो, तो इग्निशनच्या लाइनवर घ्या.

प्रश्न (वाशी) : जुलैमध्ये कन्सोलमधून पाणी ठिबकलं. वायरिंग करताना काही सुटलं का?

वायरिंग नाही, नळ्या. सनरूफची काच पाणी पूर्ण अडवतच नाही, आत शिरलेलं पाणी चौकटीच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं आणि गाडी झाडाखाली उभी राहिली की त्या कचऱ्याने तुंबतात. कोपऱ्यात अर्धी वाटी पाणी ओता, चाकाजवळ खाली पडताना दिसायला हवं. तुंबली असेल तर गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूच सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतल्या आत नळी सुटते आणि मग सगळं छत उतरवायला लागतं. माझ्याकडे अशीच एक गाडी आली होती, मालकाला वाटलं स्विच गेला, प्लग उघडला तर दोन पिना मोरचुदासारख्या हिरव्यागार आणि एक तर बोट लावताच भुगा होऊन हातात आली. तेव्हा कन्सोल काढून पिना बघा, हिरवट असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश, भुगा झाली असेल तर नवी पिन क्रिम्प करून, म्हणजे पकडीने वायरीवर दाबून, घ्या.

प्रश्न (बोरिवली) : माझ्या हॅचबॅकला सनरूफच नाही, छत कापून बसवू का?

नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 मध्ये येणारा बदल आहे, आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि कापलेलं छत अपघातात मूळ छताइतकं टिकत नाही. रीडिंग लाइटचा चांगला कन्सोल हवा असेल तर तो जरूर बसवा, वायरी कशा घ्यायच्या ते वर ठाण्याच्या उत्तरात आहे.