पहिल्या रायफलीसाठी .२७० विंचेस्टर घ्यावी की .३०-०६ स्प्रिंगफील्ड?

तुम्ही कोलोरॅडोत राहता, यंदा म्यूल डिअर (तिकडचं हरीण) आणि जमलं तर पुढे एल्क (त्याहून बरंच मोठं हरीण) मारायचा विचार आहे, आणि रायफल एकच घ्यायची आहे. मग .२७० घ्या. मी दोन्ही वापरल्या आहेत, म्हणून हे मनापासून सांगतोय.

मुळात ही दोन्ही सख्खी भावंडं. .३०-०६ हे १९०६ सालचं अमेरिकन लष्कराचं काडतूस. त्याच घराण्यातल्या काडतुसाच्या पितळी कवचाची मान आवळून, बारीक गोळी बसवून विंचेस्टरने १९२५ मध्ये .२७० आणलं. .२७० मधली १३० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण ३०६० फूट वेगाने सुटते, .३०-०६ मधली १८० ग्रेनची २७०० फुटांनी. दोन्ही रायफली २०० यार्डांवर नेम धरून लावल्या, तर ३०० यार्डांवर गोळी खाली येण्यात जेमतेम दोनेक इंचांचा फरक पडतो. लोक यावर रात्र रात्र वाद घालतात, पण तेवढ्या फरकाने हरीण सुटत नाही.

ते सुटतं खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या भीतीने. माझी पहिली रायफल .३०-०६ होती, वजनाला हलकी, आणि मी तिच्यात १८० ग्रेनच वापरायचो. दुसऱ्या हंगामात दीडशे यार्डांवरच्या एका मादीला गोळी छातीऐवजी पोटात लागली. सेजच्या झुडपांवर रक्ताचे थेंब शोधत आम्ही अंधार पडेपर्यंत फिरलो, तेव्हा ती सापडली. तिचे ते तास माझ्यामुळे गेले, हे मी विसरलेलो नाही.

नंतर रेंजवर मित्राने मला न सांगता खऱ्या काडतुसांमध्ये एक डमी, म्हणजे न उडणारं खोटं काडतूस, भरलं. चाप ओढला, नुसता टक्क आवाज झाला, आणि नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलेलं मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. ही चाचणी तुम्हीही कराच. .२७० चा धक्का कमी असतो. नवख्या माणसाला त्याच्यावर शंभर फैरींचा सराव जमतो, .३०-०६ वर तीस फैरींतच खांदा बोलायला लागतो.

एल्कला .२७० पुरते का? पुरते. १५० ग्रेनची, न फुटता आत शिरणारी चांगली गोळी घ्या आणि जनावर आडवं उभं राहीपर्यंत थांबा. मूस किंवा अलास्कातलं मोठं अस्वल मनात असतं तर मात्र मी .३०-०६ सांगितलं असतं. तिच्यात २२० ग्रेनपर्यंतची गोळी मिळते, तिथे .२७० कमीच पडते.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार थांबली, त्यामुळे घरात विचारायला कोणी नसतं, म्हणून आणखी एक सांगतो. एच-१बीवर असाल तर आधी हंटर एज्युकेशन (नव्या शिकाऱ्यांचा कोर्स) आणि शिकारीचा परवाना, रायफल त्यानंतरच. हा क्रम उलटला तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा होतो.

आणि सोबत्याकडे .३०-०६ असेल तर खोकी वेगळ्या पिशव्यांत ठेवा. पहाटेच्या अंधारात दोन्ही काडतुसं सारखीच दिसतात. बुडावर कोरलेलं नाव टॉर्चखाली वाचल्याशिवाय एकही भरू नका.