जन्मापासून पुण्यात राहणाऱ्याने पुण्यातील ऐतिहासिक वास्तू पर्यटकासारख्या कशा पाहाव्यात?

आपण विचारले आहे की, सारे आयुष्य पुण्यात जाऊनही शाळेच्या सहलीनंतर आपण शनिवारवाड्यात पाऊल ठेवलेले नाही, आणि आता सवड मिळाली आहे तर शहरातील जुन्या वास्तू एखाद्या पाहुण्याप्रमाणे पाहण्यास सुरुवात कोठून करावी. मीही याच शहरात लहानाचा मोठा झालो आणि चाळिशी उलटेपर्यंत माझी स्थितीही आपल्यासारखीच होती, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

माझ्या मते आपल्याला आड येते ती ओळख. बाहेरगावाहून आलेल्या माणसासाठी शनिवारवाडा हे पेशव्यांचे निवासस्थान असते. आपल्यासाठी तो बस बदलण्याचा थांबा असतो. विश्रामबाग वाडा ही पुस्तके घ्यायला जाताना लागणारी खूण असते, आणि फडके हौद हा रहदारी तुंबणारा चौक असतो. ही नावे इतकी तोंडात बसलेली असतात की त्यांचा अर्थ विचारावासाच वाटत नाही. म्हणून वास्तूंची यादी करण्याआधी रोज उच्चारली जाणारी दोन-चार नावे घ्या आणि ती कशावरून पडली याचा शोध घ्या, असे मी सुचवेन.

माझी सुरुवात 'साततोटी' या नावापासून झाली. कसबा पेठेच्या त्या भागातून मी वर्षानुवर्षे ये-जा केली आहे, 'साततोटीला सोडा' असे रिक्षावाल्यांना कितीतरी वेळा सांगितले आहे. पण सात तोट्या कशाच्या, हे मी कधी विचारले नव्हते. ज्या दिवशी विचारले आणि त्या पाण्याच्या हौदाच्या होत्या हे कळले, त्या दिवसापासून जुन्या पुण्याच्या पाण्याची हकिगत उलगडत गेली. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजला बंधारे घालून पाणी अडवण्यात आले, आणि ते पक्क्या बांधणीच्या भुयारी नळातून, केवळ उताराच्या बळावर, शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधील हौदांपर्यंत खेळवण्यात आले. या नळावर अंतराअंतरावर उभे झरोके बांधलेले होते. त्यांना 'उच्छ्वास' म्हणतात. आत कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे, आणि नळात साचलेला गाळही काढता येई. पाण्याच्या वाटेला श्वास घेण्याची सोय असावी लागते हे ओळखून ज्या कारागिरांनी तिला हे नाव दिले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. फडके हौद, बदामी हौद, काळा हौद ही नावे पेठांतील माणसे हौदावरून पाणी भरत असत त्या काळातील आहेत. आज नळ घरात आला आणि हौद विस्मरणात गेले, तरी चौकांची नावे मात्र टिकली.

पाण्याची ही वाट मनात ठेवून शनिवारवाड्यात गेलात तर वाडा निराळाच दिसेल. तेथील हजारी कारंजे, सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे, आज कोरडे आहे आणि बहुतेक लोक त्याच्यापाशी छायाचित्र काढून पुढे जातात. पण कित्येक कोसांवरून केवळ उताराने आलेले पाणी येथे थुईथुई उडत असेल, असे मनात आणून तेथे पाच मिनिटे उभे राहावे.

शनिवारवाड्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या, आणि ती म्हणजे आत शिरण्याची वाट. पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी, या तारखा फलकावर वाचता येतात. दिल्ली दरवाजा मात्र अंगाने अनुभवावा लागतो. दरवाजाच्या अवाढव्य फळ्यांवर हत्तीच्या मस्तकाच्या उंचीला लोखंडी अणकुचीदार सुळे बसवलेले आहेत, एका फळीत माणूस वाकून जाईल एवढीच दिंडी आहे, आणि आत गेल्यावर रस्ता सरळ वाड्याकडे न जाता आधी उजवीकडे व मग डावीकडे वळतो, जेणेकरून शत्रूला थेट चाल करून जाता येऊ नये. हे वळण मी लहानपणी धावत पार केले होते. मोठेपणी त्याच वळणावर थांबलो, तेव्हा राहते घर आणि गढी या दोन्ही गरजा एकाच बांधकामात कशा सांभाळल्या होत्या ते कळले. आत आता फक्त जोती आहेत, कारण १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेल्या आगीत लाकडी मजले जळून गेले. उरलेली जोती पाहून हिरमोड होतो असे अनेक जण म्हणतात. माझे मत वेगळे आहे. एका जोत्यावरून दुसऱ्याकडे चालत जा, चौक किती, दालने केवढी, हे पावलांनी मोजा. दगडात कोरलेला तो घराचा नकाशाच आहे.

जवळच लाल महाल आहे. तेथे जाताना एक गोष्ट ठाऊक असावी की आपण पाहतो ती इमारत महापालिकेने उभारलेली असून ती १९८८ साली पूर्ण झाली. शहाजीराजांनी बांधलेला मूळ वाडा, ज्यात शिवरायांचे बालपण गेले आणि जेथे ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शायिस्ताखानावर छापा पडला, तो केव्हाच नाहीसा झाला. हे सांगून मला आपला उत्साह कमी करायचा नाही. मात्र कोणत्याही ठिकाणी गेल्यावर 'यातले जुने काय आणि नंतरचे काय' हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. आपण घाईत नसतो आणि पुन्हा येऊ शकतो, त्यामुळे हा प्रश्न आपल्याला सवडीने विचारता येतो.

पुन्हा येऊ शकतो, हे लिहिताना मात्र मला भिडे वाड्याची आठवण होते. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा जेथे सुरू केली, तो बुधवार पेठेतील वाडा दगडूशेठ गणपती मंदिरासमोरच होता. त्याच्यासमोरून मी किती वेळा गेलो असेन याची गणती नाही; मोडकळीस आलेल्या त्या दर्शनी भागाकडे 'कधीतरी नीट पाहू' असे म्हणत पुढे जात राहिलो. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी तो जीर्ण वाडा पाडण्यात आला. स्मारक व्हावे ही फार जुनी आणि रास्त मागणी होती. पण तो लाकडी जिना, ती बुटकी दारे मी एकदाही निरखून पाहिली नाहीत, याचे दुःख मला अजून आहे. म्हणून आपल्या यादीत जीर्ण वास्तू आधी घ्या. आगाखान पॅलेस पुढच्या महिन्यातही तेथेच असेल, परंतु पेठांमधल्या जुन्या वाड्यांबद्दल तसे सांगता येत नाही.

आता ज्या एका वास्तूसाठी मी आपल्याला आग्रहच करणार आहे तिच्याकडे येतो. सोमवार पेठेत, नागझरी ओढ्याच्या अंगाला, त्रिशुंड गणपतीचे मंदिर आहे. बाहेरच्या पर्यटकांच्या यादीत ते सहसा नसते, आणि पुण्यातलेही निम्मे लोक तेथे गेलेले नसतात. भीमगिरजी गोसावी यांनी १७५४ साली काळ्या पाषाणात ते बांधण्यास घेतले आणि १७७० साली ते पूर्ण झाले. गाभाऱ्यातील मूर्ती तीन सोंडांची असून मोरावर बसलेली आहे, आणि तेथील शिलालेखांत संस्कृतबरोबर फारसी भाषाही आहे. परंतु आत जाण्याची घाई करू नका. दर्शनी भिंतीसमोर, उजेड चांगला असताना, निदान अर्धा तास उभे राहा. द्वारपाल, झुंजणारे हत्ती अशी शिल्पे आधी दिसतात. मग नजर स्थिरावली की साखळदंडाने जखडलेला एक गेंडा दिसतो, आणि त्याच्याजवळचे शिपाई, ज्यांचा पोशाख उघडउघड इंग्रजी आहे. पेशव्यांच्या पुण्यात, गणपतीच्या देवळावर, गेंडा आणि गोरे शिपाई कशासाठी? मंदिराचे काम चालू असतानाच, १७५७ मध्ये, प्लासीची लढाई झाली होती, आणि साखळदंडातला गेंडा म्हणजे बंगाल, तो इंग्रजांच्या ताब्यात गेल्याचेच हे रूपक असावे, असे काही अभ्यासक मानतात. मला हा अर्थ पटतो. तसे असेल तर त्या पाथरवटाने दूरदेशीची बातमी दगडात कोरून ठेवली, आणि तीही शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागण्याच्या कितीतरी आधी.

बाकीच्या ठिकाणांविषयी थोडक्यात लिहितो. पाताळेश्वर लेणे आठव्या शतकातील, राष्ट्रकूट काळातील मानले जाते. तेथे अखंड खडकातून कोरलेला गोल नंदीमंडप पाहा आणि अर्धवट राहिलेल्या कामावर छिन्नीच्या खुणा शोधा. विश्रामबाग वाड्यात दुसऱ्या बाजीरावाच्या विलासाच्या गोष्टी सगळेच सांगतात, पण १८२१ साली तेथेच सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेतून पुढे डेक्कन कॉलेज घडले, ही गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. महात्मा फुले मंडई १८८६ साली उघडली तेव्हा तिला गव्हर्नरांच्या नावावरून रे मार्केट म्हणत. नगरपालिकेचे सदस्य असताना या इमारतीवरील खर्चाला ज्यांनी विरोध केला, त्याच जोतीरावांचे नाव आज तिला आहे. आगाखान पॅलेसमध्ये महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत, तेथे मात्र गप्पा न मारता जावे.

पद्धतीबद्दल इतकेच सांगतो की एका फेरीत एकच पेठ घ्यावी, पायी जावे, आणि सकाळी दुकाने उघडण्याच्या आत निघावे, कारण तेव्हाच पाट्यांच्या वरचे लाकडी सज्जे आणि कोरीव तुळया दिसतात. घरातील एखादी वडीलधारी व्यक्ती चालू शकत असेल तर तिला बरोबर न्यावे. मी आत्याला घेऊन गेलो होतो. एका कोपऱ्यावर ती थांबली आणि तिच्या लहानपणी येथे हौदाचा कठडा होता, त्यावर बसून मुले सागरगोटे खेळत, असे तिने सांगितले. तो कठडा कोणत्याही फलकावर नाही.

पहिल्या रविवारी कसबा गणपतीपासून निघा, लाल महाल आणि शनिवारवाडा करा, आणि पाय दुखत नसतील तर साततोटीवरून त्रिशुंड गणपतीपर्यंत चालत जा. मंदिराच्या खाली तळघर आहे, त्यात पाण्याचा झरा असून एरवी ते बंद असते. गुरुपौर्णिमेला ते उघडतात, तेव्हा एक फेरी त्या दिवसासाठी राखून ठेवा.