ऑफ-रोडला नेण्याच्या ट्रकमध्ये प्रथमोपचार पेटी कशी भरावी?

तुम्ही फोर बाय फोर ट्रक घेतलाय, तो डोंगर-जंगलातल्या कच्च्या वाटांवर नेणार आहात आणि बाजारातल्या तयार पेटीत चिकटपट्ट्यांखेरीज फारसं काही दिसत नाही, म्हणून पेटी स्वतः जमवायची झाली तर काय घ्यावं, असं विचारलंय. तयार पेट्यांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. जिथे हाक मारली की रुग्णवाहिका येते, अशा ठिकाणांचा विचार करून त्या भरलेल्या असतात. तुम्ही जाल तिथे मदत पोचायला कित्येक तास लागतील. काही वाटांवर ती पोचणारही नाही, तुम्हालाच जखमी माणसाला घेऊन बाहेर पडावं लागेल.

मी डॉक्टर नाही. पण अशा वाटांवर बरीच वर्षं गाडी नेतोय आणि त्यासाठीच प्रथमोपचाराचं रीतसर प्रशिक्षण घेतलंय. पेटी भरताना मी प्रत्येक वस्तूबद्दल एकच गोष्ट बघतो: ही किती वेळात हातात यायला हवी? काही वस्तू पहिल्या दोन-तीन मिनिटांत लागतात, काही अर्ध्या तासाने, काही रात्र काढावी लागली तर. यातून काय घ्यायचं ते ठरतं आणि कुठे ठेवायचं तेही.

पहिल्या मिनिटांतली गोष्ट म्हणजे रक्तस्राव. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि मांडीतली मोठी धमनी फाटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. ऑफ-रोडला अशी जखम व्हायला कारणं भरपूर: ताणलेली विंचची (अडकलेली गाडी ओढून काढायच्या यंत्राची) केबल तुटून फटका बसतो, जॅकवरून गाडी घसरते, वाटेत पडलेलं झाड तोडताना कुऱ्हाड किंवा चेन सॉ पायावर येतो, गाडी उलटली की पत्रा आणि काचा. म्हणून पेटीत सगळ्यात आधी टूर्निकेट, म्हणजे हात-पाय आवळून रक्त थांबवायचा पट्टा घ्या, आणि दोन घ्या. सीएटी किंवा सॉफ-टी या बनावटींसारखा, दांडी पिळून आवळायचा रुंद पट्टा असलेला. स्वस्त नकला टाळा. त्यांची दांडी नेमकी पिळताना मोडते. दोरी, वायर किंवा बुटाची नाडी हा पर्याय नाही. अरुंद वस्तू कातडी आणि नसा चिरडते आणि आतली धमनी मात्र वाहतीच राहते.

टूर्निकेट फक्त हाता-पायाला लावायचं. जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर, गुडघ्यावर किंवा कोपरावर नाही. रक्त पूर्ण थांबेपर्यंत दांडी पिळायची. माणूस वेदनेने ओरडेल, तरी सैल करायचं नाही. लावल्याची वेळ मार्करने त्या पट्ट्यावर किंवा कपाळावर लिहायची आणि नंतर ते डॉक्टरांनाच सोडू द्यायचं. सरावासाठी तिसरं, वेगळं टूर्निकेट ठेवा. सरावात पुन्हापुन्हा ताणलेलं पुन्हा पेटीत घालू नका. अंधारात आणि एका हाताने स्वतःच्या हाताला लावता येईपर्यंत सराव करा.

जांघ, काख आणि खांदा-मानेचा सांधा इथे टूर्निकेट बसत नाही. तिथे गॉझ जखमेच्या आत खोलवर, रक्त जिथून येतंय त्या जागेपर्यंत बोटाने ठासून भरायचं आणि वरून अंगाचा भार देऊन दाबायचं. रक्त गोठवणारं औषध लावलेलं गॉझ मिळतं. त्यावर निदान ३ मिनिटं सलग दाब धरायचा. साधं गॉझ असेल तर १० मिनिटं तरी, आणि मधेमधे उचलून बघायचं नाही. याखेरीज दाब देणारी दोन लवचिक बँडेजं, भरपूर साधं गॉझ, नायट्राइलच्या हातमोज्यांच्या चार-पाच जोड्या (लॅटेक्सची काहींना ॲलर्जी असते) आणि जीन्स व बूट कापता येतील अशी बोथट टोकाची मजबूत कात्री. जखमेत काही रुतलेलं असेल तर ते उपटू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी गॉझच्या गुंडाळ्या लावून ते हलणार नाही असं बांधा.

आता जागा. लोक पेटीवर खूप खर्च करतात आणि मग ती मागच्या हौद्यात, तंबू आणि पाण्याच्या कॅनखाली ठेवतात. गाडी कुशीवर पडली की मागचं दार उघडत नाही आणि सामान एकमेकांत अडकून बसतं. मी रक्तस्रावाची छोटी पिशवी दोन सीटांच्या मध्ये पट्ट्याने घट्ट बांधतो, बेल्ट न सोडता ओढून काढता येईल अशी. सुटी ठेवलेली जड पेटी गाडी उलटताना डोक्यात बसते, त्यामुळे बांधणं सोडू नका. सीट बेल्ट कापायचं आणि काच फोडायचं अवजारही तिथेच हवं. काच फोडायचं अवजार बाजूच्या टफन्ड (फुटली की बारीक तुकडे होणाऱ्या) काचेवर चालतं, पुढच्या लॅमिनेटेड (दोन थरांत प्लास्टिक असलेल्या) काचेवर नाही. काही गाड्यांच्या बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात, तुमच्या कशा आहेत ते आधीच पाहून ठेवा. मोठी पेटी मागच्या सीटच्या पाठीला लावा. आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी दोन्ही जागा दाखवा. जखमी तुम्हीच असलात तर पेटी शोधणारा दुसरा कुणीतरी असेल.

मोठ्या पेटीत काय ते आता सांगतो. हाड मोडल्याच्या शंकेसाठी सॅम स्प्लिंट, म्हणजे फोममध्ये बसवलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. सपाट असतो तेव्हा लुळा, पन्हाळीसारखा वाकवला की ताठ. गुंडाळून ठेवता येतो आणि मनगटापासून घोट्यापर्यंत कुठेही चालतो. सोबत चार त्रिकोणी पट्ट्या आणि दोन क्रेप बँडेजं. बांधण्याआधी आणि बांधल्यावर बोटांचा रंग, ऊब आणि स्पर्श कळतोय का ते तपासा. बोटं निळसर किंवा गार पडली तर सैल करा. गाडी उलटून मानेला किंवा पाठीला मार लागला असेल तर आग किंवा वाहत्या पाण्यासारखा धोका नसताना माणसाला ओढून बाहेर काढू नका.

भाजण्याचा विचार फारसा कुणी करत नाही, आणि ट्रकवर तो धोका सतत असतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की वाफ आणि उकळतं पाणी तोंडावर येतं, एक्झॉस्टला हात लागतो. यावर मलम नाही, पाणी हाच उपचार: भाजल्यावर लवकरात लवकर, सलग २० मिनिटं, थंड पण बर्फाचं नाही. तेवढं पाणी सोबत असायलाच हवं, म्हणून पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त एक कॅन मी उपचाराचंच सामान मानतो. पाणी कमी असेल तर खाली भांडं धरून तेच पुन्हा ओता. अंगठी आणि घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. नंतर स्वयंपाकघरात वापरतात ती पारदर्शक प्लास्टिक फिल्म जखमेवर लांबीने नुसती ठेवायची, भोवती गुंडाळायची नाही. टूथपेस्ट, तूप, बर्फ, काही लावू नका. बॅटरीचं ॲसिड डोळ्यात गेलं तरी हाच कॅन: पापण्या उघड्या धरून निदान २० मिनिटं धुवत राहायचं.

मातीने भरलेली जखम धुवायला २० मिलिलिटरची सिरिंज ठेवा. पिण्यायोग्य स्वच्छ पाणी जोराने मारलं की पुरतं. प्राण्याने चावलेली किंवा खोल, मळलेली जखम चिकटपट्टीने ओढून बंद करू नका, धुवून झाकून डॉक्टरकडे न्या. चिमटा, फोडांसाठी पट्ट्या, मेडिकल टेप, भिंग या किरकोळ वस्तू उरलेल्या जागेत मावतात.

साप चावला तर पेटीतलं फारसं काही लागत नाही. चिरायचं नाही, चोखायचं नाही, टूर्निकेट लावायचं नाही. चावलेला अवयव स्प्लिंटने स्थिर करायचा, अंगठ्या काढायच्या, वेळ लिहायची आणि रुग्णालयाकडे निघायचं.

औषधांची वेगळी छोटी पिशवी करा आणि ती गाडीत कायम ठेवू नका. बंद गाडी उन्हात ६० अंश सेल्सिअसच्या वर तापू शकते, आणि बहुतेक औषधं २५ ते ३० अंशांच्या आत ठेवायची असतात. माझ्या पिशवीत पॅरासिटामॉल (प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही), सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी), ओआरएसची पाकिटं आणि छातीत दुखून हार्ट अटॅकचा संशय आला तर चावून खायला ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन असतं. ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्याला किंवा कुठे रक्तस्राव होत असेल त्याला ते द्यायचं नाही. ओआरएस संपलं तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. सोबत्यांपैकी कुणाला तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन त्याच्या अंगावर असू द्या, पेटीत नाही.

रात्र काढावी लागली तर फॉइलचं ब्लँकेट आणि खाली अंथरायला जाड मॅट. मॅट नसेल तर ब्लँकेटचा फारसा उपयोग नाही, जमीनच सगळी ऊब ओढून घेते. जखमी माणूस गार पडला की त्याचं रक्त नीट गोठत नाही, म्हणून उन्हाळ्यातही हे काढू नका.

टाके घालायचं सामान, छातीत सुई खुपसायची किट, श्वासनलिकेच्या नळ्या यांचे फोटो तुम्हाला दिसतील. मी ठेवत नाही आणि तुम्हीही प्रशिक्षणाशिवाय ठेवू नका. त्या पैशात सॅटेलाइट मेसेंजर घ्या. मोबाइलला रेंज नसते तिथे तुमची जागा बचाव पथकाला कळवणं हे पेटीतल्या कुठल्याही वस्तूइतकंच मोलाचं आहे. पेटीच्या झाकणात एक जाड कार्ड चिकटवा: प्रत्येकाचं नाव, ॲलर्जी, नेहमीची औषधं, घरचा नंबर. कार्डाशेजारी मार्कर.

पैसे एकदम घालायचे नसतील तर आधी दोन खरी टूर्निकेटं, गॉझ, हातमोजे आणि कात्री घ्या, आणि त्याच महिन्यात निर्जन भागातल्या प्रथमोपचाराचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम करा. सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबत राहणं) तिथे पुतळ्यावर करायला मिळतो: मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. हा जोर वाचून कळत नाही. बाकीची पेटी पुढच्या सहली होतील तशी भरत जा.

कच्च्या वाटेच्या हादऱ्यांनी निर्जंतुक पाकिटं एकमेकांवर घासून फाटतात आणि उन्हाने टेपचा गोंद पाघळतो, हातमोजे चिकट होतात. वस्तू जाड झिप पिशव्यांत हवा काढून घट्ट बसवा, आणि प्रत्येक मोठ्या सहलीआधी पेटी पूर्ण रिकामी करून एकेक वस्तू हातात घेऊन तपासा. पाकीट थोडं जरी उघडलेलं दिसलं तरी ते सरावाच्या डब्यात टाका आणि त्याजागी नवीन ठेवा.