आजीच्या गोधडीविषयी

प्रिय ईरा,

संग्रहालयात अमेरिकेतील जीज बेंड या गावच्या गोधड्या पाहताना तू विचारलेस, "या बायकांची नावे भिंतीवर लिहिली आहेत, मग आपल्या आजीला कोणी कलाकार का म्हणत नाही?" प्रश्न मला लागला, तेव्हा मी वेळ मारून नेली.

अलाबामा नदीच्या वळणावरच्या त्या गावातील कृष्णवर्णीय स्त्रिया शेतात राबून आल्यावर थंडीसाठी जुन्या कपड्यांची पांघरुणे शिवत. तीच २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागली आणि २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आली. त्यांतील मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये दिवंगत नवऱ्याच्या शेतातल्या कपड्यांचीच गोधडी शिवली, त्याची आठवण राहावी आणि ती मायेने पांघरता यावी म्हणून.

आपल्या सातारच्या माजघरात दुपारची भांडी आवरली, की आजी पणजोबांचे विरलेले धोतर अंथरून त्यावर पणजीचे इरकली लुगडे पसरत असे, शकूआत्या कोपऱ्यांवर तांबे ठेवत असे आणि सुईत दोरा ओवायचे काम माझे. कडेने सुरू झालेला धावदोरा फेऱ्याफेऱ्यांनी आत सरकत जाई. एकदा लुगड्याचा लाल काठ तिने मधोमध लावला, लांबून पाहिला, उसवला, थोडा तिरका लावला आणि पुन्हा उसवला, कारण तो "डोळ्याला बरा दिसत नव्हता". ऊब तर काठ कुठेही लावला तरी तेवढीच मिळणार होती! घरात मात्र कोणी हाक मारली, तर आम्ही सांगत असू, "आई जरा बसली आहे." शिवणे हे आमच्या लेखी बसणे होते.

गोधडी पांघरण्यासाठीच असते, भिंतीवर टांगलेली आजीला रुचणार नाही, असे मी तुला सांगू शकले असते आणि ते बहुधा खरेही आहे. पण तिला तसे कोणी विचारलेलेच नाही, त्यामुळे तिच्या वतीने हे उत्तर देताना मला संकोच वाटतो. तू सुई हाती घ्यावीस, असा माझा मुळीच आग्रह नाही. रविवारी फोनवर तो काठ दोनदा का उसवला, एवढे तूच तिला विचार. मी विचारले, तर "तुला काय करायचंय" म्हणून ती विषय बदलते.

तुझी,
आई