थायलंडमध्ये मोर्चे काढून पंतप्रधानांना घालवता येतं का?

२०२५ मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान पेतोंगतार्न शिनावात्रांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि दोन महिन्यांत त्यांची खुर्ची गेली, म्हणजे थाई जनतेच्या मोर्च्यांत एवढा जोर असतो का, असं तुम्ही विचारलंय. मी नोकरीनिमित्त तीन वर्षं बँकॉकला होतो. असंच एक आंदोलन तेव्हा ऑफिसच्या दारात बघितलं.

जानेवारी २०१४. पंतप्रधान यिंगलक, म्हणजे पेतोंगतार्न यांची आत्या. आदल्या नोव्हेंबरात त्यांच्या पक्षाने पहाटे चारच्या सुमारास माफीचं विधेयक खालच्या सभागृहात रेटून नेलं. ते टिकलं असतं तर परदेशात बसलेले त्यांचे भाऊ, माजी पंतप्रधान थाकसिन शिक्षा न भोगता परत येऊ शकले असते. सिनेटने ते फेटाळलं, पण लोक भडकायचे ते भडकलेच. १३ जानेवारीपासून 'बँकॉक बंद'ची हाक आली.

बंद म्हटल्यावर मी आपल्या सवयीने दूध, बटाटे, मेणबत्त्या भरून ठेवल्या. असोक चौकात जाऊन बघतो तर जत्रा! स्कायट्रेनच्या पुलाखाली स्टेज, भररस्त्यात तंबू, फुकट जेवण, आणि जो तो गळ्यात तिरंगी फितीची शिट्टी अडकवून. त्यांचाही झेंडा तिरंगीच, लाल-पांढरा-निळा. आमच्या अकाउंट्समध्ये एक बाई होत्या, आम्ही त्यांना 'पी' म्हणायचो, म्हणजे ताई. एरवी तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत खाली जाऊन अर्धा तास जीव खाऊन शिट्टी फुंकायच्या आणि वर येऊन निवांत व्हाउचरं तपासायला बसायच्या. नेते सुथेप थॉगसुबान यांना सगळे 'लुंग कामनान' म्हणत. आपल्याकडच्या हिशेबाने पाटीलकाका. ते रस्त्याने चालत निघाले की लोक हातात नोटा कोंबायचे. अर्थात सगळीच जत्रा नव्हती. त्या काही महिन्यांत गोळीबार आणि बॉम्बहल्ल्यांत २५ हून जास्त माणसं गेली.

एवढं करून यिंगलक हटल्या का? नाही. त्यांनी आधीच संसद बरखास्त करून २ फेब्रुवारीला निवडणूक लावली होती. आंदोलकांनी मतदान अडवलं आणि मार्चमध्ये घटना न्यायालयाने ती निवडणूकच रद्द केली. त्यांचं पद गेलं ७ मेला, एका अधिकाऱ्याच्या बदलीच्या खटल्यात. २२ मेला लष्कराने सत्ताच घेतली.

माझं मत याच्यावरून बनलं. तिथे रस्त्यावरची गर्दी कुणाला पाडत नाही. पाडणारे कोर्टात नाहीतर छावणीत बसलेले असतात, गर्दी त्यांना निमित्त देते. २००६ मध्ये थाकसिनविरुद्ध महिनोन्महिने मोर्चे झाले, शेवटी ते न्यूयॉर्कला गेलेले असताना रणगाडे आले. २००८ मध्ये पंतप्रधान समक सुंदरवेज यांना कोर्टाने काढलं ते टीव्हीवर स्वयंपाकाच्या कार्यक्रमात मानधन घेतलं म्हणून! (खोटं नाही.) उलट २०१० मध्ये लाल शर्टवाल्यांनी, म्हणजे थाकसिन समर्थकांनी, पंतप्रधान अभिसित यांच्याविरुद्ध शहराचा मध्यभाग आठवडेच्या आठवडे धरून ठेवला, तेव्हा लष्कर सरकारच्या बाजूने होतं. ९० हून जास्त मेले, सरकार टिकलं. त्या सरकारातले उपपंतप्रधान कोण? हेच पाटीलकाका. २०२० मध्ये कॉलेजची पोरं पाण्याच्या फवाऱ्यांपुढे रबरी बदकं धरून उभी राहिली, पण तेव्हाचे पंतप्रधान प्रयुत तर स्वतःच माजी लष्करप्रमुख. ते २०२३ च्या निवडणुकीपर्यंत जागचे हलले नाहीत.

आता तुमचं २०२५. सीमेवर तणाव असताना पेतोंगतार्न यांनी कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांना फोनवर 'काका' म्हटलं, आपल्याच सैन्याच्या एका सेनापतीबद्दल नको ते बोलल्या, आणि संभाषण फुटलं. २८ जूनला विजयस्मारकापाशी मोठी सभा झाली, स्टेजवर २००६ च्या मोर्च्यांचेच नेते सोंधी लिमथोंगकुल. १ जुलैला कोर्टाने पेतोंगतार्न यांना निलंबित केलं, २९ ऑगस्टला ६ विरुद्ध ३ मतांनी पद काढून घेतलं. सभा झाली नसती तरी हेच झालं असतं, असं मला वाटतं.

त्या सभेच्या दिवशी मी पींना मेसेज टाकला होता, शिट्टी घेऊन गेलात की नाही? उत्तर आलं, "गुडघे दुखतात रे. आणि कोर्ट आहे की."