तो तुन्हा कोन लागस?

कधी न भेटलेला गायक गेला आणि आठवडे उलटले तरी रडू थांबत नाही, म्हणजे डोकं ठिकाणावर आहे ना? मी समुपदेशक. हा प्रश्न माझ्याकडे तरुण मुली दबकत विचारतात, त्यांच्या आया मात्र दारातूनच विचारत येतात. पारोळ्याकडच्या एका मायलेकींची ही गोष्ट. मुलीच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

"ऐन दिवाईमा घरमा सुतक, मॅडम," आई म्हणाल्या. "फराळाले हात नही लावा. मी इचारं, तो तुन्हा कोन लागस व? तर आजूक जोरमा रडाले लागनी."

'तो' म्हणजे लियम पेन, वन डायरेक्शन या ब्रिटिश बँडमधला गायक. 16 ऑक्टोबर 2024 ला ब्युनोस आयर्समधल्या एका हॉटेलच्या तिसऱ्या मजल्यावरून तो पडला. वय 31. तिथे संध्याकाळ होती, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, तीही कोजागिरीची. गच्चीवर दूध पिऊन घरचे झोपले आणि पहाटे हिने फोन उघडला.

मुलगी पंचविशीची, एका पतसंस्थेत नोकरीला. कामावर जात होती, हिशोब चुकत नव्हते. पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागरण, जेवण अर्ध्यावर. पहिल्या दिवशी ती मान खाली घालून एवढंच बोलली, "माझा भाऊ म्हणतो, तो बँडच बनावट होता. कंपनीने जुळवलेला. मग माझं रडणं पण बनावटच ना?"

भावाची माहिती खरी आहे. 2010 साली ब्रिटनमधल्या 'द एक्स फॅक्टर' या स्पर्धेत ही पाच मुलं वेगवेगळी आली होती. एकेकटे पुढे जाण्याइतके ते परीक्षकांना वाटले नाहीत, म्हणून पाचांचा गट करून त्यांना पुढे पाठवलं. त्यात लियम दुसऱ्यांदा आलेला. 2008 मध्ये चौदाव्या वर्षी त्याला परीक्षक सायमन कॉवेलने दोन वर्षांनी ये म्हणून परत पाठवलं होतं. अंतिम फेरीत गट तिसरा आला. आपल्याकडेही 2002 साली चॅनेल व्हीच्या स्पर्धेतून 'व्हिवा' हा मुलींचा बँड असाच जुळवला होता. पण मी भावाचा मुद्दा मान्य करत नाही. आपल्याकडची कितीतरी लग्नं मध्यस्थाने जुळवलेली असतात. वीस वर्षांनी नवरा गेला तर त्या बाईला कोणी विचारत नाही की तुमचं तर ठरवून झालेलं, मग रडता कशाला?

तिची लियमशी 'ओळख' जळगावच्या होस्टेलमध्ये झाली, अकरावीत. मेमरी कार्डात भरून आणलेली गाणी, एक इयरफोन दोघींत, आणि मुलाखती थांबवून थांबवून ऐकत शिकलेलं इंग्रजी. घरापासून लांब, मार्कांचं टेन्शन. तिला आधार होता तो या पाच पोरांच्या बडबडीचा. 2015 मध्ये पाचांतला झेन बाहेर पडला, 2016 पासून बँड थांबला, तरी कधीतरी पाचही जण परत एकत्र येतील ही आशा तिने नोकरी लागल्यावरही सोडली नव्हती. एका माणसाबरोबर ती आशाही गेली.

अशा वेळी समुपदेशकाला मोह होतो की खाली दडलेलं एखादं जुनं दुःख शोधावं. लहानपणी कोणी गेलं का, कोविडमध्ये कोणाचा निरोप घ्यायचा राहिला का? मीही विचारलं. तसं काही नव्हतं. ती लियमसाठीच रडत होती, आणि ते मला पुरेसं कारण वाटलं.

अडकली होती ती वेगळ्याच दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण ते हॉटेल. रात्रीची जागरणं गाण्यांसाठी नव्हतीच. ती शवविच्छेदनाच्या बातम्या, हॉटेलचे फोटो, शेवटच्या तासांवरचे व्हिडिओ बघत बसायची. दुसरं तिने बऱ्याच उशिरा सांगितलं. त्याच्यावर समाजमाध्यमांत टिंगल चालायची, तेव्हा तिनेही एक मीम पुढे ढकललं होतं. हसण्याचे तीन इमोजी टाकून. "तो मला ओळखत नव्हता, पण मी तर त्याला ओळखत होते ना, मॅडम?"

इथे मी तिला "तुझ्या एका मीमने काय होतंय" असं म्हणाले नाही. ते तिलाही ठाऊक होतं, त्याने हलकं वाटत नव्हतं. मी तिला त्याला पत्र लिहायला सांगितलं, मीमचा उल्लेख वगळायचा नाही या अटीवर. मोबाइलवर नाही, वहीत. व्हिडिओंसाठी साधा नियम ठरला: रात्री नऊनंतर फोन स्वयंपाकघरात, आणि बघायचंच तर गाणी बघायची, हॉटेल नाही. झोप त्यानेच आधी सुधारली.

आईंशी मात्र वेगळं बोलावं लागलं. त्यांचं माहेर शिरपूर तालुक्यातलं. मी म्हटलं, "मावशी, स्मिता पाटील गेली तेव्हा तुम्ही केवढ्या होत्या?" 13 डिसेंबर 1986. स्मिताचे वडील शिवाजीराव पाटील शिरपूरचे. आई तेव्हा शाळेत होत्या. त्यांच्या आजीने दोन दिवस चूल पेटवली नव्हती म्हणे, आणि तिने स्मिताचा एकही सिनेमा पाहिलेला नव्हता. स्मिताचंही वय तेव्हा 31 च. आई जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पन ती आपली व्हती." त्यावर मी वाद घातला नाही.

फरक तिथेच आहे. आपल्याकडे कोणी गेलं की लोक दारावर येतात, दहाव्याला जमतात, गंधमुक्तीनंतर घर हळूहळू कामाला लागतं. दुःखाला मुदत मिळते आणि माणसंही. हिच्या दारावर कोणी येणार नव्हतं. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने अशा समाजमान्यता नसलेल्या दुःखावर 1989 पासून लिहिलं आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की असं दुःख लांबतं ते मोठं असतं म्हणून नव्हे, ते करायला जागा मिळत नाही म्हणून. तेव्हा मी तिला होस्टेलची ती इयरफोनवाली मैत्रीण शोधायला लावली. ती लग्न होऊन सुरतला. 20 नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये अंत्यसंस्कार झाले, बाकीचे चौघेही आले होते. त्या रात्री दोघी व्हिडिओ कॉलवर बसल्या. रडल्या, आणि होस्टेलच्या मेसमधल्या वांग्याच्या भाजीवरून हसल्याही.

घाबरायचं कधी, हे आयांना सांगते. काम आणि आंघोळ सुटली, खाणं-झोप कित्येक आठवडे बिघडलेलीच राहिली, किंवा "मलाही आता नको" असं काही ऐकू आलं, तर थांबू नका. मुलीला सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. या मुलीलाही मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. तिचं उत्तर 'नाही' होतं आणि ते खरं वाटलं.

शेवटच्या भेटीला आई एकट्याच आल्या. लगीनसराई तोंडावर, धुळ्याचे पाहुणे पोरीला बघायला येणार, आणि तिच्या खोलीत त्या पाचांचं पोस्टर अजून भिंतीवर. काढायला लावू का? पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगू?

म्हटलं, राहू द्या. सांगा, पोरीला गाण्याची आवड आहे.