मुलं, ऑपेरा आणि परदेशातले जोडीदार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आठ ते बारा वर्षांच्या मुलांना पहिला ऑपेरा कोणता दाखवावा? तीन तास बसतील का?

उत्तर : नाही बसणार, बसवूही नका. फ्रेंच संगीतकार रावेलचा 'लांफां ए ले सोर्तिलेज' (१९२५) जेमतेम पाऊण तासाचा आहे. त्यात खोडकर मुलाने मोडलेलं घड्याळ आणि फोडलेली किटली त्याच्यावरच उठतात, त्यामुळे मुलांना वेगळं समजावावं लागत नाही. मोझार्टचा 'मॅजिक फ्लूट' (१७९१) घ्यायचा असेल, तर संक्षिप्त प्रयोगच घ्या. 'ऑपेराव्हिजन' या संकेतस्थळावर युरोपातल्या नाट्यगृहांचे प्रयोग फुकट आणि उपशीर्षकांसह पाहता येतात. मात्र प्रत्येक प्रयोग ठरावीक काळच राहतो, तेव्हा तारीख आधी बघून ठेवा.

आठवडाभर आधी गोष्ट शेवटासकट सांगून टाका. उत्सुकता मरेल ही भीती मोठ्यांची. मुलांना पुढे काय होणार हे ठाऊक असलं की ती गाण्याकडे लक्ष देतात. शिवाय एक तुकडा गाऊन घ्या. 'मॅजिक फ्लूट'मधल्या पापागेनो या पारध्याच्या बासरीचे पाच चढते सूर दोन मिनिटांत बसतात आणि प्रयोगात ते ऐकू आले की सगळा वर्ग सावरून बसतो.

प्रश्न : परदेशातल्या शाळेबरोबर व्हिडिओ कॉलवर एकत्र कोरस गायला घेतला, पण ताल पार विस्कटला. काय चुकलं?

उत्तर : मुलांचं काहीच चुकलं नाही. आवाज पोचायला सेकंदाचा अंश लागतो. प्रत्येक बाजू समोरच्यासाठी थांबते, मग लय मंदावत जाते. त्यात ॲप लांबवलेल्या सुराला गोंगाट समजून कापतं. म्हणून कॉलवर फक्त शिका : एक वर्ग गाईल, दुसरा माइक बंद ठेवून त्याच्या आवाजाबरोबर गाईल. एकत्र आवाज हवा असेल, तर पियानोची एकच ध्वनिफीत दोघांना द्या, सुरुवातीला चार मात्रांची मोजणी ठेवा, इअरफोन लावून वेगवेगळं ध्वनिमुद्रण करा आणि नंतर जुळवा. एका शाळेने आपल्याच पियानोवर गायलं आणि त्याचा 'ए' हा सूर नेहमीच्या ४४० ऐवजी ४४२ हर्ट्झवर, म्हणजे किंचित वर, लावलेला असला, तर जोडताना सूर किंचित खटकतात.

पट्टीही आधी ठरवा. या वयाच्या बहुतेक मुलांना पियानोवरच्या मधल्या 'सी'पासून त्याच्या वरच्या सप्तकातल्या 'डी'पर्यंत आरामात गाता येतं. मूळ पट्टी त्याच्या वर जात असेल, तर सरळ खाली आणा. नाहीतर मुलं ओरडतात. कोरस मूळ भाषेत, संवाद आपापल्या भाषेत, ही वाटणी आम्हाला सर्वांत सोयीची वाटते.

प्रश्न : दोन देशांतल्या नाट्यगृहांनी मिळून बालप्रयोग करायचा, तर सुरुवात कुठून?

उत्तर : सर्वांत लहान रंगमंचाच्या मापापासून. नेपथ्य मोठ्यावर बेतलं, तर दुसऱ्या गावी ते कापावं लागतं आणि मिळून केल्याने वाचलेला पैसा तिथेच जातो. इटलीतल्या आस्लिको संस्थेचा 'ओपेरा दोमानी' हा उपक्रम बघा : मुलं वर्गात गाणी शिकून येतात आणि खुर्चीतूनच प्रयोगात गातात. परदेशी नाट्यगृहंही त्यांच्याबरोबर सहनिर्मिती करतात. करारात गाण्यांची वही आणि सरावाच्या ध्वनिफिती कधी, कोणत्या भाषेत मिळतील हे लिहून घ्या. नेपथ्य वेळेवर आलं आणि वह्या उशिरा, तर सभागृह गप्प बसतं.